थाप जागेवर, तरी ठेका ढिला

घरी लॅपटॉपवर गाणी बांधणारी मुलंमुली एक गाऱ्हाणं नेहमी सांगतात. किक मशीनची, बेस मशीनचा, सगळं जिथल्या तिथे. पण वर ढोलकीचा लूप टाकला की गाणं ढिलं पडतं. ढोलकी वाजवणारा तर लयीला पक्का. मग ढिलं नेमकं काय आहे? यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे समान अंतरावरच्या रेषांवर, आणून बसवा. दुसरा म्हणतो, वाजवलेल्याला हात लावू नका. इथे बोलणारी भाची पहिल्या पक्षाची आहे, गाणी प्रोग्रॅम करते. मामा दुसऱ्या पक्षाचे, हयात ढोलकीवर गेलेली. समोर 100 बीपीएमचा केरवा आहे, लावणीच्या अंगाचा, चार आवर्तनांचा. मी मधेमधे बोललो आहे, कारण या विषयात मला तटस्थ राहता येत नाही.

भाची: मामा, टेक झकास आहे. पण किकबरोबर ऐका. समेला दोन ठोके ऐकू येतात. आधी किक, मागून तुमचं धुम.

मामा: मग किक मागे घे.

भाची: किकवर बेस बसलाय, बेसवर सिंथ. एका धुमापायी अख्खं गाणं हलवू?

मामा: आधी ढोलकी एकटी ऐकव बघू. हं. आता ढिली वाटते?

भाची: नाही. एकटी मस्त चालते.

मामा: मग ढोलकी ढिली नाही गं. दोघांचं पटत नाहीये. ते दुखणं वेगळं, त्याला औषधही वेगळं.

भाची: औषध माझ्याकडे आहे. सगळे ठोके निवडायचे आणि सोळाव्या भागाच्या ग्रिडवर शंभर टक्के क्वांटाइझ करायचे. बटण दाबलं की झालं.

मामा: दाब. माझ्यासमोर दाब आणि लगेच ऐकव. बघ, केरवा गेला की नाही? शाळेच्या कवायतीचा बँड झाला.

भाची: पण किकशी जुळलं. हे तरी मान्य करा.

मामा: सम जुळली, ते मान्य. मधले बोल मेले, ते तू मान्य कर.

भाची: थांबा, मूळ टेक मोजते. 100 बीपीएमला एक बीट 600 मिलिसेकंदांची, अर्धी 300ची. त्या अर्ध्या बीटमध्ये दोन बोल येतात. ग्रिडच्या मते दुसरा बोल 150वर पडायला हवा. तुमचा पडतो 168 ते 174च्या दरम्यान. दरवेळी.

मामा: दरवेळी ना? मग त्याला चूक कसं म्हणतेस? कच्चा हात एकदा पुढे जातो, एकदा मागे. एकाच जागी पुन्हा पुन्हा मागे राहतो त्याला आम्ही वजन म्हणतो.

इथे मामांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि ते यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. रॉजर लिन यांनी 1980 साली एलएम-1 हे ड्रम मशीन आणलं. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने त्यात वाजत. ठोके आपोआप जागेवर ओढून घ्यायची सोय त्यांनी त्यात दिली आणि त्याच यंत्रात स्विंगचीही सोय दिली. पुढे 1988मध्ये आकाई कंपनीसाठी त्यांनी केलेल्या एमपीसी-60वर हा स्विंग 50पासून 75 टक्क्यांपर्यंत फिरवता येई. 50 म्हणजे दोन्ही बोल समान अंतरावर. 66च्या आसपास गेलं की अर्ध्या बीटचे तीन भाग होऊन दुसरा बोल तिसऱ्या भागावर पडतो, आपल्या उदाहरणात 200 मिलिसेकंदांवर. मामांचा हात या दोहोंच्या मध्ये आहे, 57 टक्क्यांच्या आसपास. ज्याने ग्रिड दिली त्यानेच ग्रिडवरून हलायचा मार्गही दिला होता. सरळ ग्रिड निवडायची सक्ती यंत्राने कधीच केली नव्हती.

भाची: ठीक. मग मी तुमच्याच टेकमधून ग्रूव्ह काढून घेते. सॉफ्टवेअर ठोक्यांमधली अंतरं मोजून त्याचा साचा करतं. तो साचा मी माझ्या हाय-हॅटला आणि शेकरला लावते. म्हणजे तुम्ही माझ्याकडे यायचं नाही, माझी हॅट तुमच्याकडे येईल.

मामा: हे चांगलं. हे आधी का नाही सुचलं?

भाची: कारण किक आणि बेस मी हलवणार नाही. धुम तिथे आलंच पाहिजे. खालच्या पट्टीतले दोन ठोके पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या फरकाने वाजले की छातीला धक्का बसत नाही, नुसती घरघर होते. त्याला मी वजन म्हणणार नाही.

मामा: बरं. समेची धुमं घे ओढून. मधल्या बोलांना हात लावायचा नाही.

भाची: क्वांटाइझ अर्ध्या जोराने लावलं तर? वीस मिलिसेकंदांची चूक दहावर येते. टेकचा स्वभाव राहतो आणि कडा घासल्या जातात.

मामा: ते मिळमिळीत होतं. माझ्या 170चं तू 160 करणार. धड माझं नाही, धड तुझं नाही. त्यापेक्षा ठरव, कुठला बोल धरायचा आणि कुठला सोडायचा.

भाचीने जगातली उदाहरणं पुढे केली, ती ऐकण्यासारखी होती. अमेरिकेतल्या विन्स्टन्स या बँडच्या 1969च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमन या ड्रमरने चार आवर्तनं एकट्याने वाजवली. जेमतेम सहा-सात सेकंदांचा तो तुकडा. 1990च्या दशकात ब्रिटनमधल्या जंगल संगीतवाल्यांनी त्याचे बारीक काप केले, वेग वाढवला, काप उलटसुलट जोडले, आणि एक नवा संगीतप्रकार उभा राहिला. तिचं म्हणणं, कापणं हेसुद्धा वादनच आहे. मामांनी तो तुकडा दोनदा ऐकला आणि म्हणाले, कापलाय खरा, पण प्रत्येक कापाच्या आत त्या माणसाचा हात आणि त्या खोलीचा आवाज तसाच आहे. दोघंही बरोबर आहेत. ठोके सुटे करून हलवले तर प्रत्येक ठोक्याचा आतला आकार शाबूत राहतो. आख्खा लूप ताणला किंवा आवळला, तर सॉफ्टवेअर आवाज फोडून पुन्हा जुळवतं आणि थापेची धार बोथट होते. प्रोपेलरहेड कंपनीचं ‘रीसायकल’ हे सॉफ्टवेअर 1994मध्ये आलं ते नेमकं हे सुटं करण्यासाठीच. लूप 100चा आणि गाणं 104चं असेल तर ताणण्यापेक्षा काप करा. गाणं 130चं असेल तर दोन्ही सोडा आणि पुन्हा वाजवून घ्या.

मामा: आता मला एक सांग. लूप पहिल्यांदा वाजतो तेव्हा बरा वाटतो. आठ वेळा फिरला की ढेपाळतो. माझा हात तर आठही वेळा तोच आहे.

भाची: हा माझ्या बाजूचा मुद्दा आहे. चार आवर्तनं म्हणजे 16 बीट, 100 बीपीएमला बरोबर 9.6 सेकंद. कुणी डोळ्यांनी बघून शेवट कापला आणि तुकडा 20 मिलिसेकंद लांब राहिला, तर एकामागे एक जोडत गेल्यावर आठ फेऱ्यांत 160 मिलिसेकंदांची घसरण होते. सोळावा भागच 150चा आहे. म्हणजे ढोलकी एक अख्खा बोल मागे गेली.

मामा: आणि सुरुवात?

भाची: सुरुवात तर जास्तच नाजूक. लाट जिथे सगळ्यात उंच दिसते तिथे नवशिके कापतात. थाप त्याच्या आधीच सुरू झालेली असते. कातड्यावर बोटं टेकल्याचा तो बारीक ‘टक’ उडवला की थाप मऊ पडते. मी थोडं आधी कापते, लाट शून्यावर येते तिथे, आणि एक-दोन मिलिसेकंदांचं फेड देते म्हणजे ‘टिक’ असा आवाज येत नाही.

मामा: मग घिस्सा कुठे कापतेस?

भाची: तिथेच तर अडते.

हा घिस्सा जवळून बघायला हवा. धुमाच्या कातड्यावर थाप मारून तळहाताचा खालचा भाग दाबत पुढे सरकवला की आवाज खालून वर चढत जातो. पडद्यावर ती लाट बघितली तर थापेसारखा उभा कडा दिसत नाही, हळूहळू फुगत जाणारा डोंगर दिसतो. सॉफ्टवेअर त्याची सुरुवात डोंगराच्या पायथ्याशी धरतं आणि पायथा नेऊन ग्रिडच्या रेषेवर ठेवतं. कान मात्र ठोका पायथ्याशी ऐकत नाही. आवाज पुरेसा चढल्यावरच ‘पडला’ असं त्याला वाटतं. त्यामुळे पडद्यावर रेषेवर बसलेला घिस्सा कानाला उशिरा येतो. उलट शाईकडची चाट क्षणात उभी राहते, तिला रेषेवर ठेवली तर ती रेषेवरच ऐकू येते. म्हणून एकाच नियमाने सगळे बोल ओढले की ठेका पडद्यावर सरळ आणि कानाला वाकडा होतो. मामा पन्नास वेळा सांगतील की घिस्सा आधी सोडावा लागतो. हाताने ते आपसूक घडतं. माउसने करायचं तर घिश्शाचा तुकडा रेषेच्या आधी सरकवायचा, आणि किती हे कानाने ठरवायचं. त्यावर आकडा देता येत नाही, कारण प्रत्येक घिस्सा वेगळ्या वेगाने चढतो.

भाची: म्हणजे डोळे मिटून सरकवू?

मामा: पडदा बंद करून सरकव. दहा वेळा ऐक, मग उघड.

भाची: सरकवला. आता सम नीट पडते. पण अजून गर्दी वाटते.

मामा: कारण माझा घिस्सा तुझ्या पुढच्या किकच्या अंगावर जातोय. ठोका कुठे सुरू होतो तेवढंच तू बघतेस. तो कुठे संपतो ते बघ.

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं सर्वात उपयोगाचं वाक्य हेच. ढिल्या वाटणाऱ्या लुपांमध्ये पुष्कळदा ठोक्यांची जागा बरोबर असते. बिघाड असतो तो ठोक्यांच्या शेपटांत. धुम घुमत राहतं, खोलीचा आवाज रेंगाळतो, घुंगरांची किणकिण पुढच्या बोलापर्यंत येते. दोन ठोक्यांमधली शांतता भरून गेली की कानाला पुढच्या ठोक्याची कड सापडत नाही, आणि मेंदू त्याला ‘सैल’ म्हणतो. मग माणूस ग्रिडकडे धावतो. जागा हलवून शेपूट छोटं होत नाही, म्हणून दहा वेळा हलवूनही समाधान होत नाही.

शेपूट आखडण्याचे मार्ग बरेच आहेत. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा गेट लावता येतो, पण ढोलकीत हलके, भरणीचे बोल असतात. उंबरठा थोडा वर गेला की गेट तेच गिळतो. ट्रान्झियंट डिझायनर नावाचं यंत्र जर्मनीच्या एसपीएल कंपनीने आणलं आणि आता त्या धर्तीची सॉफ्टवेअर सगळीकडे मिळतात. त्यांत दोन बटणं मुख्य: एक ठोक्याची सुरुवात वाढवतं-घटवतं, दुसरं शेपूट. आवाज मोठा असो वा लहान, ते दोघांनाही सारखं वागवतं, म्हणून ढोलकीला ते गेटपेक्षा मानवतं. मला विचाराल तर चार आवर्तनांच्या लूपवर हाताने फेड ओढणं सगळ्यात चांगलं. मोठी धुमं असतात किती? प्रत्येकाचं शेपूट पुढच्या किकच्या जरा आधी संपवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही प्लगइनने पडत नाही.

भाची: आणि खालचा गडगडाट? 80-90 हर्ट्झच्या खालचं मी सरसकट कापते. तिथे बेस आणि किक राहतात.

मामा: माझं धुम पातळ करू नकोस.

भाची: तुमचं धुम त्याच्या वर आहे. खाली आहे तो स्टँडला बसलेला धक्का आणि खोलीची घुमी. ऐका, काढलं. काय गेलं?

मामा: काही नाही गेलं. उलट मोकळं झालं.

भाची: आता कॉम्प्रेसर.

मामा: त्याने तर वाट लावता तुम्ही लोक. थाप मारली की कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखं होतं.

भाची: ते अटॅक फार जलद ठेवल्यामुळे. एक मिलिसेकंदात कॉम्प्रेसर दाबायला लागला तर थापेचं तोंडच दाबतो. मी 20 ते 30 ठेवते. थाप पुढे निघून जाते, मग मागचं अंग दाबलं जातं. रिलीज अशी की पुढच्या बोलाआधी त्याने हात सोडलेला असावा. बोल 150 मिलिसेकंदांवर असतील तर 100च्या आत. रिलीज लांबली की दुसरा बोल आधीच दबलेला निघतो आणि ठेका लंगडतो.

मामा: हे आमच्यासारखंच आहे. थाप मारून हात कधी उचलायचा, यावर सगळं.

पुढे दोन माइकचा प्रश्न निघाला आणि तो लगेच मिटला. ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माइक लावले की एका बाजूचा ठोका दुसऱ्या माइकला किंचित उशिरा पोचतो; आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे अर्धा मीटर धरला तर दीड. एवढ्या फरकाने लाटा एकमेकींना खातात आणि धुम पोकळ होतं. एका माइकची पोलॅरिटी उलटी करून बघायची, जी स्थिती भरीव वाटते ती ठेवायची. हे लूप कापण्याआधी करायचं, नंतर नाही.

खरा वाद पेटला तो थरांवरून. भाचीने त्याच ठेक्यावर टाळीचा नमुना, हलगीचा नमुना आणि घुंगरू चढवले होते.

मामा: एका ठोक्याला चार जणं कशाला?

भाची: भरदार व्हावं म्हणून.

मामा: पंचमदांकडे, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांच्याकडे, तबल्यावर मारुतीराव कीर असत, ड्रम्सवर फ्रँको वाझ, रेसो या खरडून वाजवायच्या वाद्यावर अमृतराव काटकर, आणखी होमी मुल्लन. माणसं कमी नव्हती. पण प्रत्येकाची जागा वेगळी होती. रेसो बारीक भाग भरायचा आणि त्याच्या खरखरीवर बाकीचे चालायचे. चौघांनी एकच ठोका मारायचा असं नव्हतं.

भाची: बरं, काढत नाही, पण वाटून देते. टाळीचं तोंड कापून दहा मिलिसेकंदांचं फेड-इन देते, म्हणजे ‘टक’ फक्त तुमच्या चाटेचा राहील आणि टाळी मागे नुसती पसरेल. हलगी जाईल मधल्या जागांत. घुंगरू?

मामा: घुंगरू पायाचे असतात. बाईचा पाय पडतो आणि ढोलकी त्याला उत्तर देते. दोघं एकदम कशाला?

भाची: म्हणजे चाटेच्या जागी घुंगरू गप्प, आणि मोकळ्या बोलांवर घुंगरू. हो, हे उघडलं बघा!

मामा: अजून एक. तुझं गाणं कुठल्या स्वरात आहे?

भाची: काळी दोन.

मामा: आणि माझी शाई काळी एकच्या आसपास लागली होती. तू मला सांगितलंस ‘लूप दे’, स्वर सांगितला नाहीस. बेस एका स्वरात आणि चाट शेजारच्या स्वरात, मग तुला ते ढिलं वाटणारच. त्याला वेळेचा दोष देऊन उपयोग नाही.

भाची: पिच वर करून घेऊ?

मामा: घे, आज काम भागव. पुढच्या वेळी आधी सांग, मी लावून देतो. लावायला लागतात पाच मिनिटं.

दोघांत कुणाचं पारडं जड, हे मी झाकणार नाही. समेच्या खालच्या ठोक्यांबद्दल आणि लुपाच्या लांबीबद्दल भाची बरोबर आहे, आणि तिथे तिने तडजोड करू नये. बाकी सगळ्या बोलांत मामा बरोबर आहेत. ग्रिड ही शेवटी वापरायची गोष्ट आहे, पहिली नाही. आधी स्वर, मग माइकची पोलॅरिटी, मग शेपटं, मग थर, आणि एवढं करून जे दोन-चार ठोके टोचतात तेवढेच हलवायचे. या क्रमाने गेलं की हलवायला फारसं काही उरत नाही.

ढोलकीवाल्याला घरी बोलावणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. त्याला गाण्याचा स्वर आणि वेग आदल्या दिवशी कळवा. क्लिक हेडफोनमध्ये हळू ठेवा, नाहीतर ती माइकमध्ये शिरते आणि कापताना प्रत्येक शांततेत टिकटिक सापडते. वाजवताना सॉफ्टवेअरचा बफर लहान करा. 512 नमुन्यांच्या बफरला 44.1 किलोहर्ट्झवर साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि येण्याजाण्याचा मिळून त्याहून जास्त. स्वतःची थाप इतक्या उशिरा ऐकणारा वादक बिथरतो. चार आवर्तनांवर थांबवू नका, निदान बत्तीस वाजवू द्या. हात विसाव्या आवर्तनानंतर बसतो आणि चांगला लूप बहुधा तिथेच मिळतो. आणि मूळ टेक पुसू नका. कापलेल्या लुपाशेजारी तो म्यूट करून ठेवा, मिक्स संपण्याआधी एकदा लावून ऐका, आणि तोच जास्त चांगला वाटला तर निःसंकोच तोच वापरा.